एका काडीत शेकोटी: सह्याद्रीतल्या मुक्कामासाठी

काडेपेटीतली एक काडी टोकापासून बुडापर्यंत जळली, तर तिच्यातून साधारण एक ते दीड किलोज्यूल उष्णता निघते. एवढ्या उष्णतेत जेमतेम अर्धा ग्रॅम पाण्याची वाफ होते, म्हणजे दहा-बारा थेंबांची. शेकोटीचं सगळं गणित या दहा थेंबांत आहे. दवाने दमट झालेल्या मूठभर पाल्यात याहून कितीतरी जास्त पाणी असतं. त्याला काडी लावली की तिची सगळी ऊब ते पाणी तापवण्यातच जाते, पांढरा धूर निघतो आणि काडी विझते. दहावी काडी लावूनही तेच होतं, कारण चूक काडीची नसते.

दुसरी गोष्ट लाकडाची. लाकूड थेट पेटत नाही. ते तापलं की त्यातून वायू बाहेर पडतात आणि ज्योत असते ती त्या वायूंची. त्यासाठी लाकडाचा पृष्ठभाग अडीचशे ते तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. मनगटाएवढा ओंडका काडीने तेवढा कधीच तापणार नाही. काडीएवढी बारीक काटकी मात्र दोन-चार सेकंदांत तापते. काटकीची जाडी निम्मी झाली की दर ग्रॅममागे तिचा पृष्ठभाग दुप्पट होतो, म्हणून बारीक तेवढं चांगलं. आग लावायची म्हणजे एक पायरी चढवत न्यायची: काडीवरून सुक्या, भुसभुशीत पेटवणावर, पेटवणावरून काडीएवढ्या काटक्यांवर, तिथून पेन्सिलीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या आणि शेवटी मनगटाएवढ्या लाकडावर. यातली एक पायरी गाळली की आग तिथेच थांबते. नवख्यांची शेकोटी बहुतेक वेळा याच कारणाने फसते, कारण पाला आणि ओंडके यांच्या मधलं काही गोळा केलेलंच नसतं.

तयारीला अर्धा ते पाऊण तास धरा. थंडीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर दव पडायला लागतं, त्यामुळे सरपण पाचच्या आत हाताशी असायला हवं. अंधारात टॉर्चच्या उजेडात ओलं आणि सुकं ओळखू येत नाही, आणि साप-विंचवाची भीती असते ती वेगळीच.

आधी जागा

सगळीकडे शेकोटी करता येत नाही आणि हे पहिल्यांदाच तपासायचं आहे. राखीव वनात विनापरवाना आग पेटवणं भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे. अभयारण्यात धोका होईल अशा रीतीने आग पेटवायला किंवा जळती सोडून जायला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ बंदी करतो. हरिश्चंद्रगडाचा माथा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, वासोट्याचं जंगल कोयना अभयारण्यात, भीमाशंकरचा परिसर त्याच नावाच्या अभयारण्यात. तिथे चहासाठी गॅसचा छोटा स्टोव्ह वापरायचा, तोही परवानगी असेल तरच. पुरातत्त्व विभागाच्या संरक्षित गडांवर, लेण्यांत आणि देवळांच्या ओवऱ्यांत चूल मांडू नका. गुहेच्या छतावर बसलेली काजळी पुढच्या पिढ्यांनाही दिसते. पाण्याच्या टाक्याच्या काठावर तर अजिबात नको, राख पाण्यात जाते आणि ते पाणी पुढचा माणूस पितो.

सर्वांत उत्तम जागा म्हणजे पायथ्याच्या गावातलं अंगण, खळं किंवा पीक निघालेलं रिकामं शेत, मालकाला विचारून. तिथे आधीची चूल असेल तर तीच वापरा, नवा काळा डाग पाडू नका.

जागा निवडताना वर पाहा. डोक्यावर फांद्या नकोत आणि जवळच्या कड्यावर किंवा झाडावर आग्या मोहोळ नको. धुराने आग्या माश्या उठल्या तर शंभर-दोनशे मीटरपर्यंत सहज पाठलाग करतात, आणि कड्याच्या कडेला पळायला जागा नसते. मोहोळ दिसलं तर शेकोटीचा विचारच सोडून द्या. मग खाली पाहा. ठरवलेल्या जागेपासून चारही बाजूंना दीड-दोन मीटर गवत, पाला, भाताचा पेंढा काढून उघडी माती करा. तंबू किमान पाच मीटर दूर आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावा. नायलॉनच्या कापडाला एक ठिणगीही भोक पाडते.

दगडांची कड करायची असेल तर ओढ्यातले दगड आणू नका. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये बारीक पोकळ्या असतात, कोकणातला जांभा तर जाळीदारच. अशा दगडात मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की दगड फुटून कपऱ्या उडतात. उन्हात पडलेला कोरडा, घट्ट दगड घ्या.

सरपण: किती, कुठलं, कुठून

आमचा स्पष्ट सल्ला आहे: जाड लाकूड गावातून विकत घ्या. एक मोळी डोक्यावरून आणायला घरातल्या बाईची अर्धी सकाळ गेलेली असते, तिचे पैसे द्यावेत, आणि ते लाकूड महिनोन्महिने वाळलेलं असल्याने तुमच्या कामाचंही असतं. सोबत चार-पाच गोवऱ्या मागा. कोकणात त्यांना शेणी म्हणतात. गोवरी भडकत नाही, पण एकदा धरली की तास-दीड तास धग टिकवते.

स्वतः गोळा करायच्या त्या काटक्या. जिवंत फांदी तोडू नका. कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी ओल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असतं आणि ते पेटणारच नाही. जमिनीला टेकलेली काटकी खालून ओल शोषते, त्यामुळे झाडाला किंवा झुडपात अडकून वाळलेली, अधांतरी राहिलेली काटकी शोधा. परीक्षा सोपी आहे. काटकी मोडून पाहा. कटकन आवाज होऊन दोन तुकडे झाले तर सुकी, वाकली किंवा सालीला लोंबकळत राहिली तर ओली. शंका असेल तर मोडलेलं टोक गालाला लावा, गार लागलं तर आत ओल आहे.

दोन तासांच्या, चार-पाच माणसांच्या शेकोटीला एवढं लागतं:

- पेटवण: सोललेल्या नारळाएवढा एक सैल गोळा, आणि तेवढाच दुसरा राखीव.
- काडीएवढ्या काटक्या: वीतभर लांबीच्या, दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून होणाऱ्या वर्तुळात मावतील अशा दोन जुड्या.
- पेन्सिलीएवढ्या: हातभर लांबीच्या, एक कवळ.
- अंगठ्याएवढ्या: आणखी एक कवळ.
- मनगटाएवढी लाकडं: दहा-बारा, शक्यतो उभी फोडलेली.

पहिल्या दोन ओळी सगळ्यांना जास्त वाटतात आणि प्रत्यक्षात त्याच कमी पडतात. बारीक काटक्या ठरवल्याच्या दुप्पट गोळा करा.

झाडं ओळखता आली तर काम हलकं होतं. वाळलेली कारवी पेटवायला फार चांगली: सरळ, हलकी, पेन्सिलीपासून बोटापर्यंतच्या जाडीची. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते आणि बी धरून वाळते. कुडाच्या भिंतींसाठी गावकरी तिच्या काठ्या आणतात, त्यातल्या मोडक्या काठ्या मागितल्या तर मिळतात. सागाची वाळकी फांदी सरळ फुटते आणि लवकर धरते. बाभूळ आणि खैर उशिरा पेटतात पण निखारा दणकट देतात, म्हणून ते शेवटी घालायचे. सावर, पांगारा, शेवगा ही पोकळ जातीची लाकडं भडकून संपतात, निखारा मागे उरत नाही. बांबू वापरणार असाल तर फोडूनच वापरा. बंद पेरातली हवा तापून पेर मोठ्याने फुटतं आणि पेटते तुकडे अंगावर येतात.

काही झाडांना हात लावायचा नाही. बिब्ब्याचं लाकूड सरपणात आलं तर चीक आणि धूर दोन्हींनी अंगावर फोड येतात, बिब्बा उततो म्हणतात तो हाच. कण्हेर विषारी आहे, तिच्या काटकीवर काही भाजू नका आणि ती जाळूही नका. शेर आणि निवडुंगाचा चीक डोळ्यांना घातक. आणि थंडीत झुडपांवर वाळलेल्या खाजकुयलीच्या मखमली शेंगा लोंबत असतात. काटक्या ओढताना त्या हलल्या तर पुढचा तास खाजवण्यात जातो. आधी वेल पाहा, मग हात घाला.

पेटवण

पेटवण म्हणजे जे काडीची ज्योत थेट पकडतं ते. चांगल्या पेटवणात तीन गुण हवेत: हाडासारखं कोरडं, तंतूंसारखं बारीक आणि मध्ये हवा खेळेल एवढं सैल. सागाची मोठमोठी पानं यातल्या एकाही कसोटीला पुरेशी उतरत नाहीत. ती एकमेकांवर चपटी बसतात, हवा अडवतात आणि धुमसत राहतात. पाचोळ्याचा ढीग ही शेकोटीची सुरुवात नव्हे, हे मनात पक्कं करा.

घरून नेण्याजोगी सर्वांत भरवशाची वस्तू म्हणजे नारळाची शेंडी. तीन-चार नारळांच्या शेंड्या आठवडाभर उन्हात वाळवून पिशवीत घाला. वापरताना बोटांनी पिंजून सैल घरटं करा. गच्च गोळा धुमसेल, पिंजलेला भडकेल.

नोव्हेंबरनंतर डोंगरावर सुकं गवत मुबलक असतं. मूठभर गवत घेऊन दुमडा, पिळा आणि सैल सोडा. गवताची ज्योत मोठी असते पण काही सेकंदांचीच, म्हणून त्यात शेंडीचे तंतू किंवा सुक्या लाकडाच्या झिलप्या मिसळाव्या लागतात. सावरीच्या कापसाचंही तसंच, क्षणात भप्प होऊन जातो. फोडलेल्या सुक्या बांबूच्या आतल्या बाजूवर सुरी काटकोनात धरून खरवडलं की कापसासारखा चुरा निघतो, तो मात्र उत्तम.

देवघरातल्या दोन वस्तू या कामात कुठल्याही विकतच्या सामानाला मागे टाकतात. एक कापूर. त्याची वडी दमट हवेतही पहिल्या काडीला धरते आणि मिनिटभर तरी जळते. तो हवेत उडून जातो म्हणून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायचा. दुसरी फुलवात. मेणबत्तीचं मेण एका वाटीत घाला, ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मेण वितळवा, थेट गॅसवर नको कारण मेण पेट घेतं. फुलवातीचा गोल भाग त्यात बुडवा आणि वरचं टोक कोरडं ठेवा. काडीची ज्योत त्या कोरड्या टोकाला लागते आणि मेण पुढची चार-पाच मिनिटं ती जगवतं. कापसाला सेकंद मिळतात, मेणातल्या कापसाला मिनिटं मिळतात. किंचित दमट काटक्या वाळून पेटायला ती मिनिटंच हवी असतात. अशा दहा वाती एका डबीत मावतात आणि त्यांवर अख्खा हंगाम निघतो.

पावसाळी दिवसांत काही जण सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर पट्टी वापरतात. ती ओली असली तरी पेटते, पण धूर काळा आणि घाणेरडा. अगदी अडलं तरच वापरा, आणि त्या आगीवर स्वयंपाक नको.

रॉकेल, पेट्रोल, सॅनिटायझर यांना हात लावू नका. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि काडी ओढताच तुमच्या पायांपाशी पेटते. सॅनिटायझरची ज्योत उजेडात जवळपास दिसत नाही, विझली समजून वरून पुन्हा ओतताना धार पेट घेते आणि हातातली बाटली भडकते. शिवाय लाकूड ओलं असेल तर वरचं तेल जळून जातं आणि लाकूड तसंच राहतं.

काडेपेटीची काळजी

आपल्याकडच्या काडेपेटीत दाहक रसायन दोन ठिकाणी विभागलेलं असतं: काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट आणि पेटीच्या कडेच्या पट्टीत लाल फॉस्फरस. म्हणून कुठल्याही दगडावर घासून ती पेटत नाही. पट्टी भिजली किंवा झिजली तर पेटीभर काड्या निरुपयोगी, हे लोक विसरतात. पंधरा-वीस काड्या आणि पट्टीचा कापलेला तुकडा घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत ठेवा. गुल पट्टीकडे नको, झाकणाच्या उलट बाजूला. अशा दोन बाटल्या करा, एक सॅकमध्ये आणि एक दुसऱ्या सोबत्याकडे. शर्टाच्या खिशात घामाने काड्या दमट होतात. लाकडी काड्या घ्या. मेणाच्या काड्या आखूड असतात, वाकतात आणि बोट भाजतात.

सोबत बोटभर मेणबत्ती असू द्या. एका काडीने मेणबत्ती पेटवायची आणि मेणबत्तीने शेकोटी. रचना चुकली आणि पेटवण विझलं तरी ज्योत हातात असते, नवी काडी लागत नाही. काड्या वाचवायचा याहून स्वस्त उपाय नाही.

रचना

शेकोटी रचण्याचे पुष्कळ प्रकार आहेत. शिकताना एकच घ्या, खोपीचा.

१. अंगठ्याएवढ्या जाडीच्या सहा-आठ काठ्या, वीत-दीड वीत लांबीच्या, जमिनीवर एकमेकींना लावून पाट करा. जमीन थंड आणि दमट असते, ती उष्णता ओढून घेते. हा पाट पेटवणाला जमिनीपासून वर ठेवतो आणि नंतर स्वतःच जळून जातो.

२. वारा कुठून येतो ते पाहा. चिमूटभर माती किंवा गवताचा चुरा खांद्याएवढ्या उंचीवरून सोडला की कळतं.

३. हातभर लांबीची एक ओबडधोबड काठी पाटाच्या मागच्या बाजूला जमिनीत तिरकी रोवा, तिचं वरचं टोक वारा येतो त्या बाजूला झुकलेलं हवं. ही खोपीची आढ्याची काठी.

४. त्या टोकाखाली पाटावर पेटवणाचा सैल गोळा ठेवा. मेणाची वात किंवा कापराची वडी वापरणार असाल तर ती गोळ्याच्या खालच्या, वाऱ्याकडच्या अंगाला, हाताला लागेल अशी बसवा.

५. काडीएवढ्या काटक्यांची एक जुडी घ्या आणि आढ्याला टेकवत दोन्ही बाजूंनी लावा. थर दोन बोटं जाड हवा. काटक्या पेटवणाला जवळजवळ टेकलेल्या असाव्यात, पण त्याला दाबू नयेत. मधून उजेड दिसला पाहिजे. उजेड दिसतो तिथून हवा जाते.

६. त्यावर पेन्सिलीएवढ्या आठ-दहा काटक्या विरळ लावा. याहून जाड काही आत्ता नको.

७. वाऱ्याच्या बाजूला तळहाताएवढं दार मोकळं ठेवा.

उरलेलं सगळं सरपण जाडीप्रमाणे वेगवेगळं लावून उजव्या हाताशी ठेवा. आग पेटल्यावर उठून काटक्या शोधायला जायचं म्हणजे परत येईपर्यंत ती विझलेली असते.

काडी ओढताना

वाऱ्याकडे पाठ करून दाराशी गुडघ्यावर बसा, तुमचं अंगच आडोसा आहे. काडी गुलाच्या जवळ, मधल्या बोटाचा आधार देऊन धरा, म्हणजे मोडत नाही. पेटीवर घासल्याबरोबर बोट मागे घ्या. गुल भडकतो तो क्षण जाऊ द्या, त्यातली ज्योत काही कामाची नाही. दोन्ही तळहातांची ओंजळ करून काडीचं टोक किंचित खाली झुकवा. ज्योत वर चढते, त्यामुळे खाली झुकवलेल्या काडीचं लाकूड स्वतःच्याच ज्योतीत तापून धरतं. सरळ उभी धरलेली काडी भुकेने मरते.

लाकूड धरलं की घाई न करता हात दारातून आत न्या आणि पेटवणाला खालून ज्योत लावा. वरून लावली तर वरचं जळतं, खालचं तसंच राहतं. काडी जळेपर्यंत दहा-पंधरा सेकंद मिळतात, तेवढ्यात दोन-तीन जागी टेकवता येते. उरलेली काडी बाहेर टाकू नका, आतच सोडा, तिच्यातही थोडी आग शिल्लक आहे.

वारा जोराचा असेल तर दोन काड्या जुळवून एकदम ओढा. एकेक करून चार विझवण्यापेक्षा दोन एकत्र स्वस्त पडतात.

पहिली दहा मिनिटं

पेटवण धरलं की पहिलं मिनिट काहीच करायचं नाही. ढोसू नका, फुंकू नका, वर लाकूड ठेवू नका. ज्योत काटक्यांमधून वर डोकावली आणि तडतड ऐकू आली की दुसरी जुडी घ्या आणि जिथे ज्योत वर येते तिथेच, चार-पाच काटक्या एका वेळी, तिरक्या टेकवा. ज्योत जिथे नाही तिथे लाकूड ठेवून उपयोग नाही.

पेन्सिलीएवढ्या काटक्या स्वतः पेटलेल्या दिसल्या की अंगठ्याएवढ्या. त्या पेटल्या की मनगटाएवढं पहिलं लाकूड, फोडलेली बाजू आगीकडे करून, साल बाहेर. साल पाणी आणि आग दोन्ही अडवते. एका वेळी दोनच लाकडं घाला, आणि त्यांच्यात दोन बोटांचं अंतर ठेवा. एकटं लाकूड विझतं, चिकटलेली दोन गुदमरतात, थोडं अंतर असलेली दोन एकमेकांना तापवत राहतात.

फुंकायचं ते निखाऱ्यावर, ज्योतीवर नाही. जमिनीलगत तोंड नेऊन लांब, सावकाश, एकाच जागी फुंका. श्वास घेताना मान बाजूला वळवा. चुलीवरची लोखंडी फुंकणी मिळाली तर सोन्याहून पिवळं, नाहीतर पपईच्या पानाचा पोकळ देठ चालतो. निखारा लाल-पिवळा झाला की थांबा. सारखं फुंकत राहिलं तर आलेली उष्णता उडून जाते.

मनगटाएवढी दोन-तीन लाकडं धरून खाली लाल निखारे दिसायला लागले, की शेकोटी स्वतःच्या जोरावर उभी राहिली. याला वारा-दव बघून दहा ते पंधरा मिनिटं लागतात.

बिघडतं कुठे

पेटवण भडकून जळून गेलं, काटक्या नुसत्या काळ्या झाल्या: पेटवण आणि काटक्यांत अंतर जास्त होतं, किंवा काटक्या जाड होत्या. त्या पुन्हा मोडून, उभ्या चिरून बारीक करा.

धूर भरपूर, ज्योत नाही: हवा कमी किंवा ओल जास्त. काठीने रचना किंचित वर उचलून पाहा. लगेच पेट घेतला तर हवा अडली होती. तरीही धूरच असेल तर लाकूड ओलं आहे. लाकडाच्या टोकाला फेस येऊन चुरचुर आवाज होत असेल तर शंकाच नको, ते बाजूला काढा आणि आगीशेजारी वाळत उभं ठेवा.

छान पेटली आणि पाच मिनिटांत कोसळून विझली: मधली जाडी संपली. हा सर्वांत नेहमीचा प्रकार. निखारे लाल असतील तर नव्या काडीची गरज नाही. ते एकत्र ओढा, वर शेंडीचे तंतू आणि बारीक काटक्या ठेवा आणि जमिनीलगत फुंका.

काड्या पेटतायत पण आत नेईपर्यंत विझतात: तुम्ही वाऱ्याच्या चुकीच्या बाजूला बसला आहात, किंवा दार फार आत आहे.

ओल्या दिवसांत

जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्रीत उघड्यावर शेकोटीचा हट्ट धरू नये, स्टोव्ह न्यावा. पण ऑक्टोबरच्या अवकाळी सरीनंतर किंवा जोराच्या दवानंतर पेटवायची वेळ येते तेव्हा एक गोष्ट कामाची: उभ्या वाळलेल्या लाकडाची ओल बहुधा सालीत आणि वरच्या थरात असते, गाभा कोरडा राहतो. मनगटाएवढं लाकूड वीत-दीड वीत लांबीचं घ्या, ठोकळ्यावर उभं धरा, कोयत्याचं पातं टोकावर ठेवून वरून दुसऱ्या लाकडाने ठोका. असे चार, मग आठ तुकडे करा. ओली साल टाकून द्या. गाभ्याच्या तुकड्यावर सुरी जवळजवळ आडवी धरून लांब, पातळ साली काढा, पण त्या शेवटपर्यंत कापू नका, काठीलाच कुरळ्या राहू द्या. पात्याची धार नेहमी स्वतःपासून दूर, आणि कापताना काठी मांडीवर ठेवू नका. एका काठीवर वीस-तीस कुरळे झाले की तीच काठी पेटवण आणि काटकी दोन्हींचं काम करते. अशा पाच-सहा काठ्या मेणाच्या वातीभोवती उभ्या करा.

गावात करवंट्या मिळाल्या तर घ्या. कोरडी करवंटी आधी काटक्यांवर धरली की जोरात आणि बराच वेळ जळते, शेजारचं दमट लाकूड वाळवून काढते.

चूल करायची असेल तर

तीन दगड, वरच्या बाजूला समपातळी, पातेल्याच्या बुडाखाली साधारण वीतभर उंची. तोंड मंद वाऱ्याकडे. वारा जोराचा असेल तर तोंड आडवं करा, नाहीतर ज्योत पातेल्याखाली न थांबता मागून निघून जाते. आतली रचना वरचीच, फक्त लहान. स्वयंपाकाला मोठी आग नको. अंगठ्याएवढी चार-पाच लाकडं टोकाने आत सरकवत राहिली की भात, पिठलं, चहा सगळं होतं. पातेल्याला बाहेरून आधी ओल्या मातीचा हात फिरवला तर काजळी सहज निघते.

थंडी कितीही असो, निखारे घमेल्यात भरून तंबूत किंवा बंद खोलीत नेऊ नका. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस त्यातून जागा होत नाही.

विझवणं

सह्याद्रीत फेब्रुवारी ते जूनच्या तोंडापर्यंत गवत वाळून कुरकुरीत झालेलं असतं आणि वन विभागही हाच वणव्याचा काळ धरतो. या महिन्यांत मोकळ्या माळावर शेकोटी करूच नका. एरवीही झोपायच्या तासभर आधी नवं लाकूड घालणं बंद करा, म्हणजे विझवायला फक्त राख आणि थोडे निखारे उरतात.

नुसती माती लोटून झाकू नका. मातीखाली निखारा तासन् तास जिवंत राहतो, आणि जमिनीत सुकी मुळं असतील तर त्यांच्यातून दूरवर सरकतो. पाच लिटर पाणी आधीच बाजूला काढून ठेवा. तेवढं पाणी नसेल तर शेकोटी छोटी करा किंवा करू नका. निखारे काठीने पसरवा, बाजूला उभं राहून पाणी सावकाश शिंपडा, कारण वाफेचा लोट सरळ वर येतो आणि हात भाजतो. राख आणि पाणी ढवळा, पुन्हा शिंपडा, पुन्हा ढवळा. चिखल झाला आणि चुरचुर थांबली की तळहाताची मागची बाजू राखेच्या अगदी जवळ न्या. ऊब जाणवली नाही तर हात टेकवून पाहा. कडेचे दगड उलटून त्यांच्याखालीही बघा, तिथे हमखास एखादा निखारा लपलेला असतो.

सकाळी गार राख पसरून टाका, अर्धवट जळलेली लाकडं गावात परत द्या, चुलीला वापरतात. दगड जिथून आणले तिथे ठेवा. आजूबाजूच्या डोंगरावर कुठे धूर किंवा आगीची रेघ दिसली, तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा. जागा सांगताना गावाचं नाव, डोंगराची बाजू आणि जवळची वाट सांगा.